घाटंजीजवळचा तलाव

किसनभाऊंच्या शोकसभेसाठी आज भूगोल विभागातलं नकाशांचं कपाट उघडलं. विभागाचे शिपाई म्हणून हे कपाट त्यांनीच जन्मभर सांभाळलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी आधी घाटंजीचा नकाशा काढला.

माझ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी घाटंजीच्या नकाशावर माझ्याच पेनातली निळी शाई सांडली होती. परीक्षक जिना चढत होते. किसनभाऊंनी टिपकागद दाबला. म्हणाले, "घाबरून काहून राह्यली, पोरी? निळं हाये. तलाव समजतीन."

परीक्षकांनी त्याच तलावाचं क्षेत्रफळ काढायला सांगितलं. मी काढलं.

आता मी इथेच शिकवते. विद्यार्थी अजून तो तलाव मोजतात आणि मी बरोबरची खूण करते. आज सभेत खरं सांगणार होते. उभी राहिले आणि म्हणाले, "भाऊ नकाशे फार जपायचे."