काकूंची नीळ

अख्ख्या रायपुरात पांढरा रंग कळतो तो एकट्या आमच्या शेजारच्या काकूंना. बाकी आपण सारे अंदाजपंचे जगणारे. चौबे कॉलोनीत कोणाच्या दोरीवर चादर वाळत पडली, की काकू गच्चीवरून निकाल द्यायच्या, "धुतली म्हणते, पिवळीच तं आहे." माझ्या लग्नात भटजींच्या धोतराकडे पाहून त्यांनी इतका मोठा सुस्कारा टाकला, की वरपक्षाला वाटलं, यांना मुलगाच पसंत नाही. काका रेल्वेतून रिटायर झालेले, बारा महिने पांढरा सदरा-पायजमा. त्या सदऱ्याच्या शेवटच्या पाण्यात नीळ किती टाकायची, हे काकूंनी सुनेलाही कधी सांगितलं नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र काकूंना जगच पिवळं दिसायला लागलं. भात पिवळा, दूध पिवळं. दूधवाल्या भैयाशी तर रोजची खडाजंगी. काकांचे सदरेही पिवळट दिसत, म्हणून नीळ वाढत गेली. होता होता काका चांगले निळेशार होऊन भाजी आणायला जाऊ लागले. गल्लीतले पोट्टे म्हणत, "निळे दादाजी आ गए." काकांना त्याचा पत्ताच नाही. मी एकदा काकूंना सुचवून पाहिलं. "तुलेच डोळे दाखवाले पाहिजे," त्या म्हणाल्या.

शेवटी डोळे त्यांनाच दाखवावे लागले. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करून काकू घरी आल्या आणि दोरीवरचे सदरे एकेक करून ओढून काढू लागल्या. "अगंबाई, हे काय करून ठेवलं मी? कोणी बोललं काहून नाही?" जन्मभराचा तोरा त्या दुपारी उतरला. मला फार वाईट वाटलं. मग गरम पाण्यात घासून घासून त्यांनी सगळे सदरे खरोखरचे पांढरे केले.

पण मोतीबिंदू काकांनाही आहे, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून पुरानी बस्तीतल्या देवळात जाऊन बसतात. त्यातलाच एक शुभ्र सदरा घालून ते आरशापुढे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या हातचा पयलेसारखा पांढरा नाही होऊन राहिला आता. जाऊ दे, थकली असशीन तू."

परवा गच्चीवर पाहते, तर काकांचा सदरा पुन्हा निळा.

"काकू, आता तर तुम्हाला दिसते न?"

"हव, दिसते न. लोकं हसतात तेही दिसते." ओल्या सदऱ्याची सुरकुती हाताने काढत त्या म्हणाल्या, "पण घालतात ते. त्यांले पांढरा दिसला म्हणजे झालं."