त्या दुपारची घंटा मी वाजवली नव्हती

येत्या मरियामातेच्या सणाला आमच्या सोलापूरच्या चर्चमधल्या घंटेला नवी दोरी बांधायची आहे आणि पहिला टोल मीच द्यावा, असा मंडळींचा आग्रह आहे. प्लेगच्या वर्षी सारी वस्ती ओस पडली, तरी मी एकटा चर्चमध्ये राहिलो आणि एकही घंटा चुकू दिली नाही, असं सगळे मानतात. माझी नातवंडंही हे अभिमानाने सांगतात. ते खरं नाही. दोरी हातात घेण्याआधी खरं काय ते लिहून ठेवतो.

तेव्हा मी पंचविशीचा होतो, चर्चचा घंटावाला. घरात उंदीर मरून पडू लागले की माणसांनी घर सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, ही त्या काळची रीत. आमची कुटुंबं तशीच गेली आणि आजाऱ्यांची सेवा करायला फादरही गेले. जाताना मला म्हणाले, "सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा दे. तीन, तीन, तीन, मग नऊ. ती ऐकली की आम्ही तिकडे 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणू. देवाच्या घरी दिवा आहे, एवढं लोकांना कळू दे." मी मोठ्या ऐटीत होकार दिला.

चौथ्या दिवशी दुपारी घंटा द्यायला गेलो, तर दोरीखालीच मेलेला उंदीर. प्रार्थना पाठ होती, पण ओठ हलेनात. वळकटी काखेत मारली आणि कुर्डुवाडीला मावशीकडे जायचं म्हणून स्टेशनची वाट धरली. चर्चचं दारसुद्धा ओढून घेतलं नाही.

थोडं पुढे गेलो आणि मागे घंटा वाजू लागली. तीन नाही, नऊ नाही, एकसारखी ठणठणत राहिली. चर्चमध्ये कुणी नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अंगावर काटा आला. तरी गंमत अशी, की भीतीपेक्षा कुतूहल मोठं निघालं. देवाने मला कानाला धरून माघारी नेलं, असंच मी आज समजतो.

दारात मेंढरांची गर्दी होती. दोन तर बाकांपर्यंत आत आलेली. दोरीला लोंबकळत होता बिरप्पा, जवळच्या माळावर मेंढरं चारणारा म्हातारा धनगर. आमची नुसती तोंडओळख होती.

"तू हायस व्हय जित्ता?" तो म्हणाला. दोरी काही सोडली नाही. "घंटा झाली न्हाय, म्हनलं पोरगं गेलं जनू. बघाय आलो तर कोनच न्हाय. किती वाजवायची असती रं?"

"तीन, तीन, तीन आणि नऊ."

"मग लई जास्ती झाली की."

मी खाली पाहिलं. उंदीर तिथे नव्हता; त्याने तो काठीने उचलून दाराबाहेर टाकला होता, वर माती लोटली होती.

"भीती नाही वाटली, बाबा?"

"वाटतीया की. पर तुजा देव हितं एकलाच बसलाय. त्येला कुटं पळता येतंय?" मग माझ्या वळकटीकडे बघत म्हणाला, "आन् तू कुटं निगालास?"

"कुठं नाही," मी म्हणालो. ते माझं पहिलं खोटं.

मी राहिलो. भीतीही राहिली, पण घंटा चुकली नाही. बिरप्पा रोज दुपारी दारात उभा राहून ठोके मोजायचा आणि मुद्दाम म्हणायचा, "आज एक कमी झाली."

साथ ओसरली, लोक परतले. पहिल्याच रविवारी फादरांनी वेदीवरून सांगितलं, की त्या दुपारी झोपड्यांत सगळे खचून बसले होते. घंटा थांबेचना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, आपला घंटावाला खुळावला. सगळे हसले आणि हसत हसतच प्रार्थनेला उभे राहिले. हे ऐकून चर्चमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पापनिवेदनात मी फादरांना सगळं सांगून टाकलं. जाळीपलीकडून हसू ऐकू आलं. "देवाला मेंढपाळ पहिल्यापासून आवडतात," फादर म्हणाले. "जमेल तेव्हा लोकांना सांग." त्या 'जमेल तेव्हा'चा मी आयुष्यभर गैरफायदा घेतला. फादर गेले, बिरप्पाही गेला.

देवावर भरवसा म्हणजे भीती नसणं, असं मला वाटायचं. म्हणून त्या उंदरासमोर मी स्वतःला नालायक ठरवलं आणि पळालो. बिरप्पालाही भीती वाटत होती. तो ती घेऊनच आत आला आणि दोरी धरली. देवाने मला न रागावता परत बोलावलं, तेही दुसऱ्याच्या हातून, चुकीच्या ठोक्यांनी. त्याचे उपकार मी फेडू शकत नाही.

सणाला मी दोरी धरीन. आधी बिरप्पाच्या नावाने, त्याच्यासारखी, न मोजता. लोक हसले तर हसू देत. मग तीन, तीन, तीन आणि नऊ.