जिन्यात आलेली भाकर

भायखळ्याची खोली सोडून आम्ही मीरा रोडच्या हाटकेश भागात राहायला आलो, तेव्हा तिथं जागा भरपूर आणि पाणी नावापुरतं होतं. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना शेजारच्या इमारतीत एका बंधूंच्या हॉलमध्ये भरायची. तिथं माझी एकच ख्याती होती, चपला सांभाळणारा. प्रभुभोजनाचा रविवार आला की येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर वाटायच्या वेळी मी हळूच बाहेर जिन्यात जाऊन बसायचो. "कुत्रं चपला पळवतं," असं कारण सांगायचो. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणारं कुत्रं तिथं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

खरं म्हणजे मी घाबरलो होतो. अयोग्य रीतीनं ती भाकर खाऊ नये, हे वडिलांनी लहानपणी इतकं ठासून सांगितलं होतं, की आधी योग्य व्हायचं आणि मगच हात लावायचा असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात स्वभाव तापट. मग मीच अट घातली, आख्खा आठवडा न चिडता काढायचा, मग आत बसायचं. देवानं अशी अट घातली नव्हती, पण माझा उत्साह दांडगा! आठवडा काही जमेना. बायको एकटीच भाकर घ्यायची आणि दाराकडे बघायची. ऑफिसात काम करता करता मध्येच मनात यायचं, उद्या डोळे मिटले तर प्रभू आपल्याला आपलं म्हणेल का?

एकदा मात्र शनिवारपर्यंत जमलं. मी इतका गोड बोलत होतो की बायको म्हणाली, "अहो, बरं वाटतंय ना? डॉक्टरकडे जायचं का?"

रविवारी सकाळी टँकर आला. मी हंडा रांगेत ठेवला आणि बादली आणायला वर पळालो. परत येऊन बघतो तर कोणी अनोळखी म्हातारा माझा हंडा घेऊन पाइपाशी उभा. झालं! आठवडाभराचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. "ओ अंकल! शरम नहीं आती? दुसरे का बर्तन चुराते हो?" सगळी रांग बघायला लागली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "भरलाय. झाकण आहे का?" माझा नंबर आला तसा लोक हंडा बाजूला सारायला लागले, म्हणून त्यानं तो धरून ठेवला होता. मी आभारही न मानता हंडा उचलून वर आलो.

उपासनेला गेलो तर पाहुणे पाळक म्हणून तेच गृहस्थ उभे! घोडबंदरच्या बाजूनं पहाटेच्या बसनं आले होते आणि वेळ होता म्हणून खाली थांबले होते. भाकर मोडायची वेळ आली तसा मी जिना गाठला.

थोड्या वेळानं ताट घेऊन पाळकच बाहेर आले आणि चपलांमध्ये माझ्याशेजारी पायरीवर टेकले.

"पाळकसाहेब, मी लायक नाही. सकाळी तुम्ही बघितलंतच."

"बघितलं ना. आवाज खणखणीत आहे. भजनात कामाला येईल."

"पुढच्या वेळी नक्की येतो. एक आठवडा जमला की..."

"आणि जमला, तर मग येशूनं वधस्तंभावर जायचं काय काम होतं?"

मी उगाच समोरच्या चपला सरळ करायला लागलो. ते हसले. "अहो, लायक माणसांनीच घ्यायची असती तर हे ताट मीसुद्धा धरलं नसतं. केलंय सगळं त्यानं. तुम्ही फक्त हात पुढे करा."

मी हात पुढे केला. मागे दारात बायको पदर तोंडाला लावून उभी होती. तो एवढासा तुकडा खाताना मी लहान पोरासारखा रडलो आणि रडतानाही हलकं वाटत होतं, जणू कोणी म्हणत होतं, अरे, तुला केव्हाच घेतलंय घरात.

त्या दिवसापासून मी संत झालो असं नाही. बायकोला विचारा, ती सविस्तर सांगेल. अजूनही चिडतो, मग जाऊन माफी मागतो. पण आता चांगलं वागायची धडपड देवानं जवळ करावं म्हणून नसते. त्यानं जवळ केलंय, म्हणून असते. लायकी कमवायचा हट्ट सोडला आणि मन निवांत झालं. चुकलो की तोंड लपवत नाही. सरळ म्हणतो, "प्रभू, तोच मी, परत आलोय." आणि दरवेळी वाटतं, तो वाटच बघत होता.