दहापैकी चार

नव्वदच्या दशकात बबलगमसोबत क्रिकेटपटूंची कार्डं यायची. जवळा बाजारच्या शाळेतली पोरं ती खेळायची. ज्याच्या कार्डावरच्या धावा जास्त, त्याने समोरच्याचं कार्ड जिंकायचं. प्रभू तेवढा खेळायचा नाही. खेळलं की कार्ड मळतं, म्हणायचा. दाढ किडेपर्यंत गम चघळून त्याने कार्डं जमवली आणि आईच्या लुगड्याच्या घडीत ठेवली. पुढे त्याचं लग्न झालं, बाजाररस्त्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान झालं. तरी कार्डं पाहायची म्हटलं की पाहुण्याला तो आधी हात धुऊन यायला सांगायचा.

२००७च्या सुमारास हिंगोलीच्या एका नेट कॅफेत त्याला कळलं, की परदेशात अशी कार्डं तपासून दहापैकी गुण देतात आणि टणक, पारदर्शक डबीत कायमची बंद करतात. दहा गुणांच्या कार्डाला तिकडे वेड लागल्यागत किंमत. मुंबईची एक कंपनी इथली कार्डं गोळा करून तिकडे पाठवायची. फी भारी होती. प्रभूने दुकानात फ्रीज घ्यायचं ठरवलं होतं. ते राहू दिलं आणि आपलं सगळ्यात लाडकं, एका डावखुऱ्या सलामीवीराचं कार्ड पाठवलं.

त्याची बायको दीपमाला शेळ्या पाळणाऱ्या घरातली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमच्याकडं बोकडाचे दात पाहणारा बोकड इकत घेतो," ती म्हणाली. "तुमचे लोक तर दात पाहण्याचेच पैसे घेऊन राहिले."

प्रभूने तिला अडाणी ठरवलं आणि दहा गुण आल्यावर काय काय घ्यायचं ते गावभर सांगून ठेवलं.

काही महिन्यांनी डबी आली. वर आकडा, चार. छपाई एका अंगाला सरकलेली, मागे गमच्या साखरेचा डाग. म्हणजे इतकी वर्षं हात धुऊन जपलेलं कार्ड कारखान्यातूनच वाकडं निघालं होतं. प्रभू दोन दिवस दुकानात गेला नाही. कुणी विचारलंच तर तिकडची तपासणी फार कडक असते, असं सांगायचा.

मग तो औरंगाबादच्या एका हौशी संग्राहकाकडे गेला. त्याने डबी उलटसुलट पाहिली आणि परत केली.

"नुसतं कार्ड आणलं असतं, तर मी आशेवर घेतलं असतं," तो म्हणाला. "आता चारच आहे हे मलाही कळलं."

घरी येऊन प्रभूने डबी पाट्यावर ठेवली आणि वरवंट्याने फोडली. त्यात कार्डाचा एक कोपराही दुमडला. त्याने तो इस्त्रीखाली दाबून सरळ केला आणि धाकटा भाऊ भागवत याच्या नावाने तेच कार्ड त्याच कंपनीकडे पुन्हा धाडलं. पुन्हा फी भरली.

या खेपेला सहा गुण आले.

शहाण्याला इथेच हसू फुटलं असतं. प्रभूला न्याय मिळाल्यासारखं वाटलं. पहिला तपासणारा नवखा होता, दुसरा जाणकार, असा निवाडा देऊन त्याने पेढे वाटले.

"दादा, कार्ड तेच, वरून कोपरा मोडलेला," भागवत म्हणाला. "मंग मार्क काहून वाढले?"

"पाहणारा लागतो," प्रभू म्हणाला.

औरंगाबादवाल्याने ते कार्ड घेतलं. आलेल्या पैशात एका वेळची फी निघाली. दुसऱ्या वेळची फी आणि बसभाडं प्रभूने अनुभवात जमा केलं.

त्या अनुभवावर तो तज्ज्ञ झाला. दुकानावर पाटी लावली: 'इथे कार्ड तपासून मिळेल.' पाटी वाचून लोक रेशनकार्ड घेऊन येऊ लागले. आधी त्याने चिडून सगळ्यांना परत पाठवलं. मग गुमान लॅमिनेशनचं मशीन आणलं, आणि दुकान पहिल्यांदा बरं चालू लागलं.

तरी सवय जात नाही. एकदा मालनबाई नावाची म्हातारी आपलं जुनं, चुरगळलेलं रेशनकार्ड घेऊन आली. प्रभूने ते उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि गंभीरपणे सांगितलं, की याला दोनाच्या वर गुण पडत न्हाईत.

"पडू दे, लेकरा," म्हातारी म्हणाली. "तांदूळ बराबर भेटतात यावर."