लाल फुलीखालचा काशिनाथ

आमच्या कारखान्यात चालू प्रेसमध्ये हात घालणारा माणूस काशिनाथ नव्हता. मी होतो. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि सुरक्षा अधिकारी म्हणून पगारही मीच घेत होतो. तेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लाजायला फार काही उरायचं नाही.

काही आठवड्यांपूर्वी त्याच्या मुलीचा, मंगलचा फोन आला. मी शहापूरला घरी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले... झोपेतच." मी विचारलं, "कोणाचे बाबा?" इतका मूर्ख प्रश्न काशिनाथने ऐकला असता, तर आठवडाभर माझी नक्कल करून कँटीन हसवलं असतं.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही डब्यांची झाकणं बनवायचो. काशिनाथ प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून झाकणं पाडणाऱ्या मशीनवर होता. गाव धसईजवळ, आणि गावच्या नाटकात दरवर्षी खलनायक ठरलेला. कामावर येताना केसांचा भांग पाडायचा आणि त्यावर हेल्मेट चढवायचा. "अरे, दिसणार कोणाला?" म्हटलं की म्हणायचा, "काढल्यावर दिसतो ना, साहेब." मी नवीन लागलो तेव्हा भिंतीवर इंग्रजी सूचना होत्या आणि गोऱ्यागोमट्या परदेशी माणसांची चित्रं. कामगार निम्मे आमच्याकडचे, निम्मे ओडिशा-बिहारचे. त्या चित्रांकडे कोणी बघत नसे. पॅकिंगमधली एक बाई मला म्हणाली होती, "त्याला काय व्हायचाय? त्याचे हात बघा, कदी काम केलाय का त्याने?"

म्हणून मी तोंडी समजावून सांगायचं ठरवलं. दुपारी भाषण होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याची तालीम मी काशिनाथसमोर केली, कारण तो नट. त्याने एका बाजूला झाकणं पाडणं चालूच ठेवलं होतं आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून बोलत होतो. "मशीन चालू असताना हात कधीही आत..." असं म्हणता म्हणता मला साच्यात अडकलेली पत्र्याची चिंधी दिसली, आणि ती काढायला मी हात आत घातला. काशिनाथने मला कॉलर धरून असा ओढला की मी झाकणांच्या पिंपात बसलो. हातातलं पेन आत राहिलं. ते भाकरीसारखं चपटं होऊन बाहेर आलं.

आवाजाने सगळे धावत आले. तेव्हाच्या मॅनेजरनी विचारलं, "हात कोणी घातला?" मी तोंड उघडलं... आणि ते उघडंच राहिलं. नोकरी अजून पक्की व्हायची होती. काशिनाथने दोनदा मान हलवून मला खूण केली, नाटकात वाक्य विसरलेल्या सोबत्याला करतात तशी. माझ्याकडून काही येईना, तेव्हा त्याने तेही वाक्य स्वतःच्या पदरात घेतलं. "मी घातला. साहेबांनी वढला."

सुरक्षा सप्ताहात मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ मी काशिनाथला दिला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, "खोबरा ग्वाड हाय साहेब, चोरीचा असला तरी."

मॅनेजर म्हणाले, हा प्रसंग चित्रात दाखवा. तिथून ते सुरू झालं. आपलंच मशीन, आपलीच माणसं, मोबाइलवर काढलेले फोटो. चुकीवर लाल फुली, बरोबरवर हिरवी खूण. पहिला फोटो प्रेसचाच, काशिनाथ आत हात घालताना, मी काढलेला. पाळी सुरू होताना एक फोटो दाखवायचा आणि फक्त विचारायचं, "काय चुकलं?" वाचता येवो न येवो, मराठी येवो न येवो, सगळे ओरडून सांगायचे. चष्मे डोळ्यांवर दिसू लागले, मोजे हातांत. चुकीत कायम काशिनाथ. बरोबरमध्ये कायम मी, हेल्मेट सरळ करून. तो हौसेने पडायचा, घसरायचा, भाजायचा. "परत घ्या साहेब, पडताना डोले मिटले माजे." नुसते हात दाखवूया म्हटलं तर चिडला. "तोंड कापाचा नाय. तोंडासाठीच तर उभा रातो मी." एकदाच म्हणाला, "एक फोटो तुमी द्या की फुलीखाली." मी म्हटलं, पुढच्या वेळी.

मग ओडिशाचा एक नवा कामगार आला. त्याने भिंतीवर सगळीकडे काशिनाथचा चेहरा आणि त्यावर फुली पाहिली, आणि त्याचा स्वच्छ अर्थ लावला, की या माणसाला मशीनजवळ बंदी आहे. सकाळी काशिनाथ प्रेसकडे निघाला तर हा हात पसरून आडवा. "नहीं चाचा, तुम नहीं!" आम्ही पोट धरून हसलो. काशिनाथ सगळ्यात जास्त हसला.

पण मॅनेजर बदलले, आणि नव्या साहेबांनीही तोच अर्थ लावला. प्रेसचे साचे बसवणाऱ्याची, सेटरची जागा निघाली होती आणि अनुभवाने ती काशिनाथलाच मिळायला हवी होती. नवे साहेब भिंतीकडे बघून म्हणाले, "हा? हा तर रोज मरतो." मी सांगितलं, तो अभिनय आहे. "आणि हा प्रेसचा? हे तर खरं घडलंय ना? यानेच हात घातला ना?"

मी म्हटलं, "हो."

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याला एवढंच सांगितलं, की जमलं नाही. त्याने उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "माजा फोटोतला काम लय झकास झाला म्हनून झाला हा." ग्लास खाली ठेवला. "एकदा उभे रहा साहेब. चांगले दिसाल तुमी." मी पुन्हा म्हटलं, पुढच्या वेळी... तो प्रेसवरूनच निवृत्त झाला.

परवा त्याच्या घरी गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. तोच. पहिला, प्रेसचा. मुरबाडच्या स्टुडिओवाल्याने मशीन काढून मागे निळं आभाळ घातलंय, पण फुलीचं एक लाल टोक खांद्यावर राहून गेलंय. "दुसरा फोटोच नाय वो त्यांचा," वहिनी, काशिनाथची बायको, म्हणाल्या. "सगल्यात तोंड वाकडा. ह्याच्यातच तेवढे सरल बगतात." सरळ म्हणजे फोटो काढणाऱ्याकडे. वहिनींनी चहा दिला. "लोक अजून इचारतात, ह्यांनी खराच हात घातला होता काय. मी पन इचारला एकदा. म्हनाले, मी नाय. मंग कोनी, ता मातर शेवटपरेंत नाय सांगितला."

मी चहा प्यायलो आणि निघून आलो.

वहिनी, तो हात माझा होता. हा लेख घेऊन मी येतोय, तुम्हाला स्वतः वाचून दाखवायला. आणि कारखान्याच्या भिंतीवरून काशिनाथ उतरवून त्या लाल फुलीखाली माझा फोटो लावायचा आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो.