यादीत न लिहिलेला खडक

त्या उन्हाळ्यात माझी एक चूक झाली, आणि ती माझ्या नीटनेटकेपणातून झाली. तुमच्या शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक मी इंटरनेटवर शोधलं, मोठ्या सुट्टीचे सहा आठवडे वहीत लाल पेन्सिलीने आखले, त्याच तारखांचं पुण्याहून तुमच्याकडे बॉबलिंगेनला येण्याचं तिकीट काढलं आणि मग तुमच्या बाबाला फोन केला. आपल्याकडे सुट्टी लागली की मुलं घरी असतात. जर्मनीत शाळा एरवी एक दिवसही सोडत नाही, त्यामुळे सुट्टी लागली की तुम्ही भारतात असता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या आईने पहिल्या तीन आठवड्यांची कुन्नूरची तिकिटं कधीच काढून ठेवली होती.

बाबाने फोनवर आधी तुमच्या तिकिटांचं सांगितलं. मग म्हणाला, "ये ना आई. मी आहे की."

म्हणजे मी जर्मनीत आणि तुम्ही निलगिरीच्या चहाच्या मळ्यांत, तुमच्या पाटीकडे, म्हणजे तमिळ आजीकडे.

तुम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा तुमची आई बॅगा भरत होती. ती कुन्नूरची, पण शिकली पुण्यात, त्यामुळे तिचं मराठी आमच्या शेजारणीपेक्षा चांगलं आहे. ती म्हणाली, "आई, तुम्ही तुमच्या लग्नानंतर कुन्नूरला जाऊन आला आहात ना? काय काय बघायचं त्याची यादी द्या. अम्माचा गुडघा असा, ती कुठे नेणार नाही. आणि मी तिथेच वाढले, त्यामुळे मी काहीच पाहिलेलं नाही."

यादी म्हटलं की मला राहवत नाही. तुमच्या वहीतला चौकटींचा कागद घेऊन मी लिहायला बसले. मेट्टुपालयमहून वर चढणारी छोटी गाडी: इंजिन मागून ढकलतं, म्हणून पहिला डबा धरा. सिम्स पार्क: सकाळी, गर्दीच्या आधी. लॅम्ब्स रॉक आणि डॉल्फिन्स नोज: नऊच्या आत पोहोचा, नंतर धुकं दरीतून वर येतं आणि पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. चहाचा कारखाना: आत सुकणाऱ्या पानांचा वास घ्या, घाई करू नका. दोडाबेट्टा शिखर: स्वेटर. अशा पाच ओळी झाल्या. सहावी, शेवटची: कॅथरीन धबधबा, दुरून बघायचा.

सातवी ओळ मी लिहिली नाही.

कोटागिरीच्या रस्त्यावर एका वळणाला छोटं देऊळ आहे. त्याच्या मागून चहाच्या ओळींमधून पायवाट उतरते. दहा मिनिटं चाललं की एक सपाट खडक येतो, शेजारून ओढा वाहतो आणि पुढे सगळी दरी उघडी. तुमचे आजोबा आणि मी तिथे अख्खी दुपार बसलो होतो. पानं तोडणाऱ्या बायकांनी आम्हाला त्यांच्या डब्यातला काळा, गूळ घातलेला चहा दिला होता. तो खडक मला स्वतः तुम्हाला दाखवायचा होता. दुसऱ्या कोणी दाखवावा, आणि तोही पाटीच्या गावात, तिच्या नावावर जमा व्हावा, हे मला नको होतं. पेनचं टोपण लावताना मला हे नीट कळत होतं.

मग तीन आठवडे मी बॉबलिंगेनच्या तळ्याभोवती फिरले. तळं छान आहे. बदकं आहेत, बाकं स्वच्छ आहेत. घरी येऊन मी विहीणबाईंनी पाठवलेला कुन्नूरचा चहा प्यायचे. चांगला असतो, त्यात खोट काढता येत नाही, याचाही मला राग यायचा. दुपारी बारा वाजता तुमचा व्हिडिओ कॉल यायचा. तुमच्या मागे हिरव्यागार टेकड्या, जणू कोणी कंगव्याने भांग पाडलेत. धाकटा पाटीच्या मांडीवर. थोरलीने दोन पानं आणि एक कळी कॅमेऱ्यासमोर धरली होती. मी विचारलं, "अशी खुडायची हे पाटीने शिकवलं?"

"गेनाऊ, आजी," म्हणजे बरोबर, आजी. एवढंच. मग थोरली वळून पाटीशी तमिळमध्ये लांबलचक काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. माझं मराठी तुम्हाला कळतं, पण मला उत्तर जर्मनमध्ये मिळतं. पाटीला मात्र तमिळमध्ये. त्या दिवशी मी जेवले नाही, बाबाला सांगितलं पोट बिघडलंय.

तुमच्या परतीला दोन दिवस उरले तेव्हा विहीणबाई एकट्याच व्हिडिओ कॉलवर आल्या. आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो. माझा कागद त्यांच्या फ्रिजवर लावलेला दिसत होता, सहाही ओळींवर खुणा केलेल्या.

"तुमची यादी संपली," त्या म्हणाल्या. "आता आणखी एखादं सांगा. उद्याचा दिवस मोकळा आहे."

"होतं तेवढं लिहिलं," मी म्हणाले.

"मी मुलांना म्हटलं, माझ्या भावाच्या मळ्यावरून सूर्यास्त बघायला जा. तर तुमचा नातू म्हणतो, ते आजीच्या कागदावर नाहीये." त्या हसल्या. "रोज सकाळी कागद वाचून निघतात. मी खिडकीत बसते. संध्याकाळी येऊन आजीचं किती बरोबर होतं ते मला सांगतात. चाळीस वर्षं इथे राहते मी. धुकं कधी येतं ते मला पुण्याहून शिकायला मिळालं."

त्या फोननंतर तळ्याच्या पहिल्या फेरीत मी खूश होते. खोटं कशाला लिहू, फारच खूश होते. दुसऱ्या फेरीत त्यांचं खिडकीतलं बसणं डोळ्यांसमोरून हलेना. मीही तेच तर करत होते, बाकावर. तरी खडक द्यायला मन धजत नव्हतं. तिसरी फेरी अर्धी टाकून मी घरी आले आणि त्यांना फोन लावला.

"कोटागिरीच्या रस्त्यावर, वळणावरच्या देवळापर्यंत गाडी जाते," मी सांगितलं. "तुम्ही पायवाट उतरू नका. देवळाच्या पायरीवर बसा, तिथून खडक दिसतो. आणि मुलांना सांगा, ही तुमची जागा आहे."

"माझी कशी?"

"तुमच्या गावात आहे ना. माझं नाव घेऊ नका."

त्यांनी देवळाचं वळण पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग "बरं" म्हणाल्या.

तुम्ही परत आलात. दुसऱ्या दिवशी न्याहारीला धाकटा जर्मनमध्ये भरभर सांगत होता आणि थोरली मध्ये मध्ये मराठी करत होती. पाटीची एक गुप्त जागा आहे. कोणालाच माहीत नाही. पाटी वर पायरीवर बसून हात हलवत होती. खाली ओढ्याचं पाणी इतकं गार की पाय बधिर झाले.

"आजी, हे तुझ्या लिस्टमध्ये नव्हतंच," थोरली म्हणाली. "तुला माहीत नव्हतं?"

माझा फोन बाबाने ऐकला होता. त्याने कप खाली ठेवला. "आई..."

"ब्रेड दे इकडे," मी त्याला म्हणाले. आणि थोरलीला म्हणाले, "पाटीचं गाव आहे. तिलाच माहीत असणार."

मला त्या क्षणी बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी ब्रेडवर लोणी फासत राहिले आणि तुम्ही सांगतच होतात, ओढा, खडक, बायकांनी हात केला ते. मी सगळं ऐकून घेतलं.

आता मी पुण्यात आहे, तुम्ही तिकडे, आणि तीन वर्षं हे मनात ठेवून मला कंटाळा आला आहे. तो खडक आधी माझा आणि तुमच्या आजोबांचा होता. कोणाला सांगणार नाही असा शब्द मी विहीणबाईंना दिला नव्हता, त्यांनी मागितलाही नव्हता. तरी त्यांच्यासमोर हे काढू नका. पुढच्या सुट्टीत कुठे जायचं असं त्यांनी विचारलं तर म्हणा, पाटी, परत तुझ्या जागेवर जाऊ या.