आजी निघाली, ताई

चंद्रभागाबाई वेळेच्या इतक्या पक्क्या, की अपेक्षाने गजर लावणंच सोडून दिलं होतं. येरवड्याहून पावणेसहाची बस, वाघोलीला उतरून दहा मिनिटांची चाल, आणि साडेसहाला बेल. पदर खोचून थेट कणकेत हात. चोवीस वर्षं पुण्यात काढूनही ‘मी येतो, मी जातो’ हे बुलढाण्याकडचं बोलणं काही सुटलं नव्हतं. लेक गेल्यापासून तिची मुलगी वैष्णवी आजीपाशीच होती.

“ताई, पोळी काऊन उरली?”

“डाएट आहे, मावशी.”

“असू द्या. डाएटले ठेचा चालते ना?”

जानेवारीतल्या एका सोमवारी मात्र साडेसहा झाले, सात झाले, बेल नाही. अपेक्षाने फोन लावला. नेहमीप्रमाणे वैष्णवीनेच उचलला. “आजी निघाली, ताई.”

पावणेआठला चंद्रभागाबाई धापा टाकत दारात उभ्या.

“या! घड्याळ दुरुस्तीला टाकलंय वाटतं?”

“बस बंद केली, ताई. आपली पावणेसहाची. कंडक्टर म्हणे, त्या वेळेला तिथून कोणी जातच नाही. फोनवरून मोजलं म्हणे.”

अपेक्षाच्या हातातला चहा तसाच राहिला. कुठे किती बस हव्यात हे ठरवायला फोनवरून केलेला तो नकाशा तिचाच होता. शहरातले फोन म्हणजे पडद्यावरचे बिननावाचे ठिपके. कुठला ठिपका किती वाजता कुठे सरकतो, हे पाहणं तिचं काम. येरवड्याच्या त्या गल्ल्यांतले ठिपके पहाटे ढिम्म हलत नव्हते. ‘सकाळी सातपूर्वी हालचाल नगण्य,’ तिने अहवालात लिहिलं होतं.

“पण बसला असायचं कोण, मावशी?”

“आम्ही बायाच की. धुणंभांडी, झाडू, सैपाक. उभं राहायले जागा नसे!”

“आणि तुमचे फोन?”

“घरी. वैष्णवीचे बारावीचे क्लास त्याच्यावरच तर हायेत. शेजारच्या चंपाचाही घरीच, तिच्या पोरींसाठी. आम्ही फोन नेले तर लेकरं काय पाहतील?”

अपेक्षाने मान खाली घातली. “मावशी... ते फोनवरून मोजलं, ते मीच.”

कणीक तिंबणारे हात थांबले. “तुम्ही? मग तुम्हाले तर माहीत होतं ना, मी रोज येतो म्हणून.”

एवढंच. त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी किती उरल्या, हेही विचारलं नाही.

ऑफिसात दत्तप्रसाद सरांनी ऐकून घेतलं. “अपेक्षा, एक मावशी म्हणजे सॅम्पल नव्हे.”

“मी स्टॉपवर जाऊन माणसं मोजते, सर.”

“मोज. पण अहवाल गेलाय. आढावा आता दिवाळीनंतर. तोवर त्यांना सांग, महिनाभर फोन बरोबर न्या.”

दुसऱ्या सकाळी अपेक्षाने ते तसंच सांगितलं. चंद्रभागाबाई हसल्या. “म्हणजे माणूस गेलं तर गेलं नाही, फोन गेला तर गेलं? पोरीची परीक्षा महिन्यावर आली, ताई. फोन नाही नेत मी.”

आठ दिवस त्या दोन रिक्षा बदलत आल्या. नवव्या दिवशी डब्याला त्यांनी फडकं बांधलं, ओटा दोनदा पुसला. “घराजवळच दोन कामं पाहिली, ताई. ठेचा बरणीत हाय. झाकण घट्ट लावत जा.”

पुढच्या मंगळवारी अपेक्षा वही घेऊन साडेपाचला येरवड्याच्या स्टॉपवर उभी राहिली. पावणेसहा वाजले, सहा वाजले. स्टॉपवर एक कुत्रं पाय ताणून झोपलेलं. बाकी कोणी नाही. बसच येत नाही, तिथे बाया कशाला उभ्या राहतील? आता नकाशा अगदी बरोबर होता.

तीन वर्षं जेव्हा जेव्हा फोन लावला, तेव्हा कानावर पडलेलं वाक्य तिला आठवलं. आजी निघाली तर फोन घरी कसा, हे तेव्हा एकदा तरी विचारायला हवं होतं. तिने फोन लावला.

“आजी निघाली, ताई,” वैष्णवी सवयीने म्हणून गेली. “म्हणजे... तुमच्याकडे नाही.”